हिरवा ठिपका

रणझुंजार क्रीडा मंडळ आपला सत्कार करणार आहे, हे ऐकून उज्ज्वला शिंत्रेला आधी हसू आलं आणि मागोमाग संशय आला. याच मंडळाशी तिचं हाडवैर होतं. कबड्डीच्या एका अंतिम सामन्यात पंच म्हणून तिनं त्यांच्या कर्णधाराला बाद दिलं, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी तिच्या अंगावर लोखंडी खुर्ची फेकली होती. सामना संपल्यावर तिनं तीच खुर्ची उचलून आणली आणि तिच्यावर बसून निकालावर सही केली. त्यानंतर त्यांच्या एकाही स्पर्धेचं तिला बोलावणं आलं नाही. आणि आता तेच अध्यक्ष फोनवर 'ताई, ताई' करत होते.

"सत्कार कशाला? मी काय मेलो काय?" ती संग्रामला म्हणाली.

संग्राम तिचा एकुलता एक मुलगा. फोनमधून मान वर न काढता तो म्हणाला, "करू दे ना आई. त्यांना बरं वाटेल."

उज्ज्वला कोल्हापूरची. तिकडच्या बायका बोलतात तशी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. पुण्याच्या सुनेला, मृण्मयीला, आधी याचं हसू यायचं. पण जूनमध्ये उज्ज्वला त्यांच्या पुण्यातल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि मृण्मयीचं हसणं बंद झालं. सासू काहीही बोलली की ती "हो आई, हो आई" म्हणायची. भाजीत मीठ नाही असं ओरडलं तरी "हो आई". उज्ज्वलाला वाटलं, पोरगी सुधारली. भांडायला कुणी नसल्यामुळे तिचे दिवस मात्र अगदी अळणी चालले होते.

मे महिन्यात तिला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. फुप्फुसांत जुन्या न्यूमोनियाचे व्रण आहेत, हळूहळू भरून येतील, असं तिला सांगण्यात आलं. खरी गोष्ट अशी होती की तिची फुप्फुसं आतून वाळत चालली होती. ती ताठर होत होती, चामड्यासारखी. या आजाराला औषध नव्हतं, आणि फुप्फुसं बदलण्याची वेळ निघून गेली होती. हे डॉक्टरांना माहीत होतं. संग्रामला, मृण्मयीला, कोल्हापुरातल्या तिच्या दिरांना, शेजारच्या कुलकर्ण्यांना आणि खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत होतं. आपल्याकडे मरणाऱ्याला सोडून बाकी सगळ्या गावाला त्याचा आजार माहीत असतो.

पूर्वी ही लपवाछपवी फार दिवस टिकत नसे. शरीरच चुगली करायचं. माणूस रात्री उठून बसायचा, खिडकी उघडा म्हणायचा, आणि घरच्यांच्या चेहऱ्यावरून त्याला कळायचं ते कळायचं. मग 'निवांत' आलं.

'निवांत' हे रुपयाएवढं यंत्र होतं. गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसायचं. त्यातून निघालेली केसासारखी बारीक तार मानेतल्या एका मोठ्या मज्जातंतूला गुंडाळलेली असायची. धाप लागणं म्हणतो त्यात खरं तर दोन गोष्टी असतात. एक, शरीराला हवा कमी पडणं. दुसरी, हवा कमी पडतेय म्हणून मेंदूत वाजणारी धोक्याची घंटा. फुप्फुसं ताठरली, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की मज्जातंतूंवरून तसा निरोप मेंदूच्या देठापर्यंत जातो आणि घंटा वाजते. 'निवांत' तो निरोप वाटेतच ओळखायचं आणि विजेच्या अगदी सौम्य स्पंदनांनी विझवून टाकायचं. हवा वाढायची नाही. घंटा तेवढी वाजायची नाही. गाडीतलं पेट्रोल संपत आल्यावर लागणारा दिवाच काढून टाकावा, तसं.

यंत्र वाईट होतं असं कुणी म्हणू नये. ज्यांनी आपलं माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तडफडताना पाहिलं आहे, त्यांनी या यंत्राला हात जोडले. पेट्रोल कुठंच मिळणार नसेल, तर दिवा डोळ्यांसमोर कशाला लुकलुकायला हवा? मॉर्फिनची गुंगी नाही, भीती नाही, माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर बोलतो-चालतो. ज्यांनी ते शोधलं त्यांनी पुण्यच केलं.

माती खाल्ली ती ते विकणाऱ्यांनी. यंत्राबरोबर मनगटावर एक पट्टा यायचा. त्याच्यावर ठिपका असायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे डॉक्टरला बोलवा. आपल्याकडच्या नातेवाइकांची मागणी ओळखून कंपनीनं त्यात एक सोय केली आणि तिला नाव दिलं 'कुटुंब दर्शन'. ही सोय चालू केली की खरा ठिपका मुलाच्या फोनवर दिसायचा, आणि रुग्णाच्या मनगटावर कायम हिरवा. कायद्यात म्हटलं होतं की रुग्णानं स्वतः विचारलं तर डॉक्टरनं खरं सांगितलंच पाहिजे. पण मनगटावर चोवीस तास हिरवं दिसत असताना विचारतंय कोण?

व्रण भरेपर्यंत धाप लागू नये म्हणून, असं सांगून उज्ज्वलाला ते जूनमध्ये बसवलं होतं, आणि तिनंही काही विचारलं नव्हतं. पाय जड होतात ते वयानं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. चार पावलं चालून ती थांबायची तेव्हा तिला वाटायचं, आपल्यालाच थांबावंसं वाटलं.

त्या पाच महिन्यांत तिला भेटायला मात्र रीघ लागली होती. वीस वर्षं तोंड न बघणारे दीर आले आणि पायाशी बसून रडले. ती शिकवायची त्या शाळेचे जुने मुख्याध्यापक काठी टेकत आले. म्हातारपणी माणसं मऊ होतात, असा उज्ज्वलानं निष्कर्ष काढला आणि सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. छाया चौगुले आली तेव्हा तर टीव्हीवर सामना चालू होता. छाया म्हणजे तिची चाळीस वर्षांची मैत्रीण, एकाच संघात खेळलेली आणि नंतर बरोबरीनं पंचगिरी केलेली. कांदा-लसूण चटणीची बरणी ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती डोळे लाल करून. "चटणी डोळ्यात गेली काय गं?" उज्ज्वला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. निघताना छायानं तिला घट्ट मिठी मारली, तेव्हा तिच्या खांद्यावरून उज्ज्वला सामन्याचे गुण बघत होती. "ये परत दिवाळीत," एवढं म्हणून तिनं छायाला दारापर्यंतही पोचवलं नाही.

सत्कार दिवाळीनंतरच्या रविवारी कोल्हापुरात होता. मंडळाच्या मैदानावर मांडव, पुढे आखलेलं कबड्डीचं मैदान, त्यात मुलींचे दोन संघ. भाषणं झाली. जो तो उठून उज्ज्वलाताईंच्या निःपक्षपातीपणाचे गोडवे गात होता. अध्यक्षांनी तर खुर्चीचा किस्सा स्वतःच सांगितला आणि डोळे पुसले. उज्ज्वला अंगावरच्या शालीत अवघडून बसली होती. मागच्या रांगेत छाया होती, तिच्याशेजारी संग्राम. दोघंही तिच्याकडे बघत होते आणि तिनं बघितलं की खाली बघत होते.

भाषणं संपल्यावर मुलींच्या एका संघाच्या कर्णधारानं माईक घेतला. "बाई, एक चढाई करून दाखवा की!"

"ए, त्रास देऊ नका त्यांना," अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले.

त्यांच्या या घाईनंच उज्ज्वला उठली. शाल खुर्चीवर टाकली, पदर खोचला. आता सामन्यात दम ऐकायला पंच लागत नसे. चढाई करणाऱ्या मुलीच्या गळ्यात एक पट्टी बांधत, आणि 'कबड्डी कबड्डी' मध्ये तुटलं की पट्टी लाल होऊन शिट्टी वाजवत असे. या पट्टीचा उज्ज्वलाला भयंकर राग होता. तिची निम्मी हयात खेळाडूंच्या तोंडाला कान लावून दम ऐकण्यात गेली होती.

"बांध तुझं मशीन," ती म्हणाली. "बघू कुणाचे कान तिखट आहेत."

मैदान हसलं. तिनं मध्यरेषेला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत पाऊल टाकलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. शिट्टी वाजली.

ती अजून निदानरेषेच्या, म्हणजे चढाईत निदान ओलांडायलाच हवी त्या रेषेच्या, जवळपासही पोचली नव्हती. ती थांबली. तिला काहीच झालं नव्हतं. छाती भरून आली नव्हती, धाप नव्हती, घशाला कोरड नव्हती. "नादुरुस्त आहे," तिनं जाहीर केलं. "दुसरी आणा."

दुसरी पट्टी आणली. पुन्हा रेषेला हात, पुन्हा कबड्डी, कबड्डी. पुन्हा तिथंच शिट्टी. तिनं पट्टी काढून कर्णधाराच्या गळ्यात बांधली. ती पोरगी पार शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन, हात लावून, नाचत परत आली. पट्टी हिरवीगार.

आता मांडवात कुणी हसत नव्हतं. दोनशे माणसं गप्प बसली होती, आणि असं गप्प बसणं उज्ज्वलानं फक्त दहाव्याला पाहिलं होतं.

"छाये," ती ओरडली. "उठ. तू पंच आहेस ना? इकडं ये. मशीन गेलं खड्ड्यात. तू ऐक."

छाया आली. तिच्यापासून चार बोटांवर उभी राहिली. उज्ज्वलानं तिसऱ्यांदा दम घ्यायला सुरुवात केली आणि या वेळी स्वतःही कान देऊन ऐकलं. शब्द तुटत होता. एका 'कबड्डी'त आणि दुसरीत मोठं भोक पडत होतं, पोरंसोरं पकडतील एवढं.

"सांग," ती छायाला म्हणाली. "दम तुटला का?"

छायाचा हात वर गेला नाही. तिनं ओठ ओले केले. "नाही गं उज्जे," ती म्हणाली. "व्यवस्थित होता. मशीनच खराब आहे."

छाया चौगुलेनं आयुष्यात चुकीचा निर्णय दिला नव्हता. सख्ख्या बहिणीला बाद देऊन ती वर्षभर माहेरची बोलणी खात बसली होती. विभागीय सामन्यात तिनं उज्ज्वलालाच बाद दिलं होतं आणि त्यावरून दोघी दोन महिने बोलत नव्हत्या. ती छाया दोनशे माणसांसमोर धडधडीत खोटं बोलत होती, आणि त्यातलं एकही माणूस तिला हटकत नव्हतं.

उज्ज्वलानं आधी छायाकडे पाहिलं. मग मांडवाकडे. रडणारे दीर, काठी टेकत आलेले मुख्याध्यापक, अध्यक्षांचे ओले डोळे, सुनेचं 'हो आई'. सगळ्या गोष्टी एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसल्या. मग तिनं मनगटावरच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं.

"संग्राम," ती म्हणाली. "गाडी बोलव."

गाडी आपली आपण चालणारी होती, त्यामुळे संग्रामला रस्त्याकडे बघायचं निमित्त नव्हतं. दोघं समोरासमोर बसले. गाडीनं विचारलं, पुण्याला जायचं ना? "राजारामपुरी," उज्ज्वला म्हणाली. तिथं तिचं दोन खोल्यांचं घर होतं, जूनपासून बंद.

"आई, तिथं काही सोय नाही. धूळ असेल, तुला—"

"मला काय? व्रण भरून आलेत ना माझे?"

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"फोन दे."

"आई..."

"फोन दे म्हणतो ना मी!"

त्यानं दिला. पडद्यावर तिचं नाव होतं आणि नावाखाली ठिपका. लालभडक. ती बराच वेळ फोनकडे आणि मनगटाकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओरडायला लागणारी हवा छातीत नव्हती. नाही हेसुद्धा तिला जाणवत नव्हतं. तोंड उघडलं आणि आवाज अर्ध्यातच संपला.

घर उघडलं, खिडक्या उघडल्या, आणि मग ती बोलली. मध्ये मध्ये थांबत, पण बोलली.

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

"जूनपासून."

"जूनमध्ये मी चालत होतो रे. जिना चढत होतो. पन्हाळ्याला जाऊन आलो असतो. मुलींच्या शिबिराला मी नाही म्हणून कळवलं, पुढच्या वर्षी येतो म्हणालो. पुढच्या वर्षी! तू शेजारी उभा होतास. ऐकत होतास. एक शब्द बोलला नाहीस."

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"छाया निरोप घ्यायला आली होती माझा. मी सामना बघत बसलो! भाऊजी आले, सर आले. सगळ्या जगानं येऊन माझा निरोप घेतला. मला कुणाचा घेऊ दिलात? मी त्यांना चहा पाजला आणि या परत म्हणालो. तोंडाला पानं पुसलीत तुम्ही माझ्या. माझं मरण, आणि मी सोडून सगळ्यांना आमंत्रण!"

संग्रामचाही आवाज आता चढला. "मग काय करायचं होतं? बाबांचं बघितलं नाहीस? त्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं त्यांना. भिंतीकडे तोंड करून झोपले ते. जेवले नाहीत. तीन आठवड्यांत गेले. आणि तूच त्या डॉक्टरच्या केबिनमध्ये जाऊन ओरडली होतीस. 'सांगायची काय गरज होती, मारलंत तुम्ही त्यांना.' मी बाहेर उभा होतो, आई. मी तेवढंच लक्षात ठेवलं."

हे खरं होतं. उज्ज्वला खाटेवर बसली. विलास, तिचा नवरा, याच खाटेवर गेला होता.

"ओरडलो होतो," ती म्हणाली. "चुकलं माझं. पण तुला फक्त भिंत दिसली. तू कॉलेजला गेला होतास, तेव्हा एका दुपारी ते इकडं वळले. म्हणाले, तुला मी फार गृहीत धरलं, उज्ज्वला. नोकरी सोड म्हणत होतो ते चुकलं. तुझा एकही सामना बघायला आलो नाही, यायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांत जे बोलले नव्हते ते त्या दुपारी बोलले. डॉक्टरनं सांगितलं नसतं तर बोलले असते का? दिवाळीनंतर बघू म्हणाले असते. माझ्यासारखंच."

संग्राम दाराला टेकून उभा होता. तिला त्याची कीव करायची मुळीच इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुण्याच्या डॉक्टर नाडगौडांना पडद्यावर बोलावलं.

"मी मरणार आहे का?"

डॉक्टरांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, संग्रामला शोधत.

"तिकडं नाही. इकडं बघा. विचारलं मी आहे."

"हो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही स्वतः विचारलंत म्हणजे सांगणं मला भाग आहे."

"आणि न विचारता सांगणं भाग नव्हतं?"

"नातेवाइकांची विनंती होती. बहुतेक सगळेच करतात. आणि खरं सांगू का, तुम्ही आनंदात होता."

"मी मूर्खात होतो, डॉक्टर. आनंद वेगळा असतो. किती दिवस?"

"महिना. थोडं इकडेतिकडे."

तिनं मनगटावरच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "या यंत्राचा जोर खाली आणायचाय मला."

डॉक्टरांनी नीट समजावलं. यंत्रानं आयुष्य वाढत नाही, कमी केलं तर घटतही नाही. फुप्फुसं आपल्या गतीनंच जाणार. फरक फक्त कळण्या-न कळण्याचा. "पण जे कळेल ते सोपं नाही, बाई. लोक त्याला सगळ्यात जास्त घाबरतात."

"मग त्याची किल्ली माझ्या हातात द्या. तुमच्या नको, याच्या नको. आणि ठिपका खरा करा."

ते डॉक्टरांना करावंच लागलं. मनगटावरचा हिरवा ठिपका एकदा लुकलुकला आणि लाल झाला. पट्ट्याच्या कडेला दहापर्यंत आकडे असलेली एक बारीक चकती जिवंत झाली. उज्ज्वलानं ती रागारागात एकदम खाली फिरवली.

ते आलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी छातीवर बसलं. हवा समोर होती आणि आत येत नव्हती. डोळ्यांपुढे खोली अरुंद झाली. तिनं खाटेची कड पकडली, संग्राम धावला, पण तोवर तिनं स्वतःच चकती परत वर फिरवली होती. कपाळावरचा घाम पुसायला तिला पाच मिनिटं लागली. हे यंत्र नसतं तर गेले पाच महिने कसे गेले असते, हे तिला त्या एका मिनिटात कळलं. यंत्रावरचा तिचा राग तिथंच संपला. माणसांवरचा तसाच राहिला.

दोन दिवस ती थोडं वर, थोडं खाली करत राहिली. शेवटी तिला एक जागा सापडली, जिथं भीती नव्हती पण छातीचा हिशोब कळत होता. एक वाक्य बोललं की थांबायचं. दोन पावलं चालली की बसायचं. आपण कुठं उभे आहोत, रेषा मागे किती लांब राहिली, हे पुन्हा कळायला लागलं, आणि खेळणाऱ्या बाईला तेवढं तरी कळायलाच हवं असतं.

मग तिनं एकेकाला फोन करून बोलावलं. फोनवरच सांगायची, "मी मरायला टेकलोय. तुम्हाला माहीतच होतं. आता मला कळलंय. या." दीर आले, त्यांना तिनं वीस वर्षांचं साचलेलं सगळं सुनावलं, त्यांनीही सुनावलं, आणि मग दोघांनी एका ताटलीत पोहे खाल्ले. मृण्मयी पुण्याहून आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "आई, तुमच्या हातची आमटी तिखटजाळ असते, मला कधीच आवडली नाही." उज्ज्वलाला इतकं हसू आलं की ठिपका लुकलुकू लागला.

छाया आली ती उंबऱ्यातच थांबली.

"खोटारडे," उज्ज्वला म्हणाली. "दोनशे माणसांत."

"तुझ्या पोरानं हात जोडले होते माझ्यापुढं."

"मी हात जोडले असते तर मला गुण दिला असतास?"

"नाही," छाया म्हणाली, आणि खाटेजवळ येऊन तिनं उजवा हात सरळ वर केला. मैदानावर बाद देताना करत असे तसाच. "तुटला होता दम. पहिल्याच वेळी तुटला होता." हात खाली आणायच्या आतच ती रडायला लागली. उज्ज्वलानं तिला रडू दिलं. टीव्ही बंद होता. त्या दुपारी दोघी खूप बोलल्या, आणि निघताना उज्ज्वला खांद्याचा आधार घेत, मध्ये दोनदा बसत, छायाला फाटकापर्यंत पोचवायला गेली.

सगळ्यांचं झालं. राहिला संग्राम.

तो सारखा कामात असायचा. ऑक्सिजनची टाकी आणायची, नर्सची वेळ लावायची, खाट खिडकीजवळ सरकवायची. खोलीत आला की पट्ट्याकडे बघायचा, औषधाच्या बाटल्यांकडे बघायचा. तिच्याकडे बघायचं सोडून सगळीकडे बघायचा. रोज संध्याकाळी विचारायचा, "आई, थोडं वाढवू का 'निवांत'? बरं वाटेल."

"नको."

आठवडा गेला, दुसरा गेला. चकती आता पहिल्यापेक्षा वर ठेवावी लागत होती. वाक्यं लहान होत चालली होती. एका संध्याकाळी त्यानं पुन्हा विचारलं, "वाढवू का?" आणि उज्ज्वलानं शेजारच्या स्टुलावर हात आपटला.

"बस इथं."

"गोळी द्यायची वेळ—"

"बस म्हणतो ना!"

तो बसला.

"सगळे बोलून गेले," ती म्हणाली. थांबली. "तू राहिलास."

"काय बोलू?"

"जूनपासून जे बोलला नाहीस ते. तोंडावर. माझ्या."

त्याचे ओठ हलले. चाळिशीकडे झुकलेला माणूस, पण चेहरा शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा झाला होता. "तुला माहीतच आहे आता. कशाला पुन्हा..."

"डॉक्टरनं सांगितलं. मशीननं सांगितलं. छायीनं हात वर करून सांगितलं." तिनं दम घेतला. "माझ्या पोरानं नाही सांगितलं."

बाहेर कुणीतरी फाटक लावलं. तो तिच्या मनगटाकडे बघत होता. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. पकड पक्की होती.

"आई," तो म्हणाला. "तू जाणार आहेस."

"कुठं?"

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मरणार आहेस. आई, तू मरणार आहेस. मला ते बोलायला जमत नव्हतं. बोललो की खरं होईल, असं वाटत होतं. बाबांच्या वेळेसारखं. आणि मी पाच महिने तुझ्याशी नीट बोललोच नाही. तू शेजारच्या खोलीत होतीस आणि मी तुझ्या ठिपक्याकडे बघत बसलो होतो." तो हुंदक्यांनी गदगदत होता. तिच्या मांडीवर डोकं ठेवायला वाकला आणि तिनं ठेवू दिलं.

"आता कसं," ती म्हणाली. "किती वेळ लावलास, गाढवा."

एवढ्यानंच तिची छाती वरखाली होऊ लागली. ठिपका जोरात लुकलुकायला लागला. संग्राम दचकून उठला आणि सवयीनं त्याचा हात पट्ट्यावरच्या चकतीकडे गेला.

तिनं त्याच्या हातावर चापट मारली. चांगली जोरात मारली.

"थांब," ती म्हणाली. "माझं अजून बोलून झालेलं नाही."